छबुबाईच्या दिव्यातलं मेण

चकलांब्यात आश्रुबाला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, पण त्याचा आवाज कसा आहे असं विचारलं असतं तर निम्म्या गावाला आठवून बघावं लागलं असतं. माणूस घुमा नव्हता, तुसडाही नव्हता. कुणी रामराम घातला तर हात वर करायचा, पारावर चार माणसं हसली तर तोही हसायचा. बोलायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती, कारण लग्न झालं तेव्हापासून दोघांच्या वाटणीचं बोलणं छबुबाई एकटी बोलत आली होती.

दुकानदाराशी घासाघीस तिनं करायची, मुकादमाला सुनवायचं तिनं, पाहुण्यांना ख्यालीखुशाली विचारायची तिनं. रोहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बैठकीत मुलीचा बाप म्हणून आश्रुबा मधोमध बसला होता आणि छबुबाई दाराआडून बोलत होती. व्याह्यांनी शेवटी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे, तर आश्रुबानं दाराकडं बोट दाखवलं. सगळी बैठक हसली. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. घरात एकानं बोलायचं आणि एकानं ऐकायचं, यात वावगं काय, असं तो धरून चालला होता.

दसरा-दिवाळीच्या पुढंमागं टोळी ऊसतोडीला निघे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. आश्रुबा ऊस तोडायचा, छबुबाई मागून गोळा करून मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. तोडताना त्याच्या पाठीवर ऊन असायचं आणि कानावर छबुबाई. काल कुणाच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, भांडण झालं, गावाकडं शेळीनं काय खाल्लं असंल, रात्री सपनात कोण आलं, कुठल्या बाईचं बाळ अजून का रांगत नाही. तो हूं म्हणायचा. हूं म्हणायला उशीर झाला की ती तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

दोन वर्षांमागं कोल्हापूरकडच्या एका फडात, ऐन सकाळी, ती अशीच बोलत होती. टोळीतल्या, पलीकडच्या गावच्या सुनिताच्या पोरीला स्थळ आलं होतं, त्याबद्दल. "पोरगा बरा हाय, पर त्याची आई—" इतकं बोलून ती थांबली. आश्रुबानं हूं म्हटलं. पुढचं आलं नाही म्हणून त्यानं मागं वळून बघितलं, तर छबुबाई पाचटावर बसल्यासारखी खाली गेली होती आणि तिच्या उजव्या हातातून मोळीचं टोक सुटलं होतं.

दवाखान्यात वेळेवर नेलं. डॉक्टरांनी जीव वाचवला. पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. काही दिवसांनी तोंडातून शब्द फुटला तो एकच, 'कावून', म्हणजे का. पाणी पाहिजे असलं तरी कावून, उशी सरकव म्हणायचं असलं तरी कावून, रोहिणी भेटायला आली तर तिच्या तोंडावरून हात फिरवत डोळे पुसत कावून, कावून. डॉक्टरांनी आश्रुबाला बाजूला घेऊन समजावलं की त्यांना सगळं कळतं, डोकं शाबूत आहे, फक्त शब्दांची वाट बंद झाली आहे. एकच शब्द वाटेत बसलाय, तो सगळ्यांच्या ऐवजी बाहेर येतो. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा.

बोलत राहा, हे औषध आश्रुबाला सगळ्यात जड गेलं. गोळ्या वेळेवर द्यायला तो शिकला. तिला उठवून बसवायला, न्हाऊ घालायला, वेणी घालायला शिकला. भाकरी त्याला आधीच येत होती, फडात सगळ्यांनाच येते. पण बाजेशेजारी बसून बोलायचं काय? ती त्याच्याकडं बघत 'कावून' म्हणायची आणि त्याला वाटायचं, खरंच विचारतेय. का असं झालं, का आपण यंदा गेलो नाही, का तू गप्प. ज्या माणसाला आयुष्यात कधी उत्तर द्यावं लागलं नव्हतं, त्याला आता सकाळ-संध्याकाळ कुणीतरी का म्हणून विचारत होतं. तो उठून शेळ्यांकडं जायचा. शेळ्यांना पाणी पाजलेलं असलं तरी पुन्हा पाजायचा.

संक्रांतीला रोहिणी पुण्याहून आली ती खोक्यात एक दिवा घेऊन. ती भेटवस्तूंच्या दुकानात कामाला होती. तिथं कुणाच्या तरी हातून पडून दिव्याच्या बुडाला पोचा आला होता, म्हणून मालकिणीनं तो तिला देऊन टाकला होता. उंच, वर निमुळती होत गेलेली काचेची बाटली, तिच्यात पाणी आणि तळाशी लाल मेणाचा गोळा. बाटलीखालच्या पत्र्याच्या डब्यात बल्ब. रोहिणी त्याला लाव्हा लॅम्प म्हणाली. लावल्यावर बराच वेळ काहीच झालं नाही. मग मेण मऊ पडलं, त्याला फुगवटा आला, फुगवट्याची मान लांब झाली आणि एक गोळा सुटून सावकाश वर गेला. वर जाऊन थबकला, थंड झाला, खाली आला. तोवर दुसरा निघाला होता.

शेजारची कौशल्याबाई बघायला आली, पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि म्हणाली, पोटातलं लेकरू हालावं तसं हालतंय की गं हे.

छबुबाईला दिव्यानं धरून ठेवलं. तिची नजर गोळ्याबरोबर वर जायची, गोळ्याबरोबर खाली यायची. कधी दोन गोळे एकमेकांना चिकटायला यायचे आणि न चिकटताच बाजूला व्हायचे, तेव्हा ती घशातल्या घशात हसायची. संध्याकाळी लाइट आली की आश्रुबानं आधी दिवा लावायचा, मग चूल पेटवायची, हे ठरून गेलं. तिचे 'कावून' कमी झाले. आश्रुबा पारावर जाऊन बसू लागला. कुणी विचारलं, घरी कसं काय, तर म्हणायचा, बरं हाय. खरंच बरं होतं. त्याचा जीव हलका झाला होता.

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी लाइट आली, गेली, भपकन जोरात आली आणि दिवा टिचकन विझला. घरातला दुसरा बल्ब चालू होता, हा मात्र मेला. छबुबाईनं दिव्याकडं बघितलं, मग आश्रुबाकडं.

"कावून?"

"बल्ब उडाला," आश्रुबा म्हणाला. "उद्या आणतो गेवराईहून."

दुसऱ्या दिवशी जुना बल्ब खिशात घालून तो गेवराईला गेला. दुकानदारानं बल्ब फिरवून बघितला आणि तशाच आट्यांचा नवा एलईडी दिला. असले जुने आता कुणी ठेवत नाही, हा चांगला चालतो, लाइटही कमी खातो, असं म्हणाला. आश्रुबानं घरी येऊन तो बसवला. दिवा पहिल्यापेक्षा लख्ख लागला. छबुबाई उशीला टेकून तयारीत बसली. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, कौशल्याबाई येऊन बसून गेली, तरी मेण तळाशी दगडासारखं पडून होतं. उजेड नुसता त्याच्यावर पडत होता.

आश्रुबाला वाटलं, दोन दिवस बंद पडल्यामुळं मेण तळाला चिकटून बसलं असणार. शेतातली मोटर, फवारणीचा पंप, शेजाऱ्यांचा मिक्सर असं काही अडलं की तो खोलून बघायचा, आणि बहुतेक वेळा ते सुटायचंही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पातेल्यात पाणी गरम केलं आणि बाटली त्यात उभी केली. मेण वितळलं. आता तळ सोडायला एक हिसका पाहिजे म्हणून त्यानं बाटली फडक्यात धरली आणि चांगली हलवली.

पाणी क्षणात पांढरं झालं. मेणाचे बारीक बारीक कण सगळ्या बाटलीत पसरले आणि ती दुधाच्या बाटलीसारखी दिसायला लागली. आश्रुबा ती हातात धरून उभा राहिला. बसेल खाली थोड्या वेळानं, असं म्हणत त्यानं बाटली ठेवली. संध्याकाळपर्यंत लाल मेण तळाशी गोळा झालं, पण पाणी गढूळ ते गढूळच राहिलं.

छबुबाईनं सगळं बघितलं होतं. तिनं काही म्हटलं नाही, एक कावूनसुद्धा नाही. डावा हात बाजेच्या पाटीला धरून तिनं मोठ्या कष्टानं कूस बदलली आणि तोंड भिंतीकडं केलं.

आश्रुबानं रोहिणीला फोन लावला. फोनवरही आजवर त्याचं काम एवढंच असायचं की फोन लावून छबुबाईच्या कानाशी धरायचा. आता त्याला सांगणं भाग पडलं, ते त्यानं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. रोहिणी म्हणाली, अण्णा, तापलेला हलवत नसतात तो, मेण फुटतं त्यानं. टाकून द्या, दिवाळीला दुसरा आणते. मग तिनं विचारलं, माय कशी आहे? आश्रुबा म्हणाला, बरी हाय. आणि ते म्हणताना त्याला बाजेवरची पाठ दिसत होती.

दिवाळीला अजून बराच अवकाश होता. पुढच्या दोन दिवसांत घरात जी शांतता पडली तिच्यात आश्रुबाला एक गोष्ट हळूहळू कळली, आणि कळल्यावर त्याला बरं वाटलं नाही. दिवा छबुबाईसाठी आणला होता खरा, पण वापरला त्यानं होता. तिला दिव्यासमोर बसवून तो मोकळा व्हायचा. मेण वर-खाली होत होतं तोवर त्याला तिच्यापाशी बसावं लागत नव्हतं, तिच्या तोंडाकडं बघावं लागत नव्हतं. सात महिने रोज संध्याकाळी दिवा लावला, पण एक पूर्ण गोळा वर जाऊन खाली आलेला त्यानं तिच्या शेजारी बसून कधी बघितला होता का, हे त्याला आठवेना.

त्या आठवड्यात तो शेळीच्या खाद्याचं विचारायला युवराजकडं गेला. गावाबाहेर युवराजनं कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. नुकतीच नवी पिल्लं आली होती. पत्र्याच्या गोल कड्याच्या आत शेकडो पिवळी पिल्लं लटकवलेल्या बल्बांखाली दाटीनं बसली होती. बाहेर पावसाळी गारठा होता, कड्याच्या आत हात घातला तर ऊब लागत होती. आश्रुबानं हात तसाच ठेवला.

"हे बल्ब कसले रे?"

"साधेच, तात्या. पिवळे, जुन्या पद्धतीचे," युवराज म्हणाला. "एलईडीनं उजेड पडतो, ऊब न्हाई येत. पिल्लं मरतील. बीडहून खोकंच आणून ठेवतो मी."

आश्रुबाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिव्याला उजेड नको होता, ऊब पाहिजे होती. मग त्यानं युवराजला सगळा प्रकार सांगितला. बल्ब कसा उडाला, दुकानदारानं काय दिलं, आपण बाटली कशी हलवली, आणि छबुबाईनं तोंड कसं फिरवलं. सांगून झाल्यावर युवराज त्याच्याकडं बघत राहिला, कारण या माणसाला इतकं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं हात पुसले, मोबाइल काढला आणि शोधून शोधून एक व्हिडिओ लावला. कुठल्या तरी परदेशातला माणूस तशीच बाटली खोलत होता. भाषा दोघांनाही कळत नव्हती, पण हात दिसत होते. गार बाटलीतलं गढूळ पाणी ओतून द्यायचं. मेण गार पाण्यानं हलक्या हातानं विसळायचं. बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी भरायचं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. मग तापवायचं, आणि मेण वर येईना झालं की मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं घालत जायचं. त्यानं पाण्याला जडपणा येतो आणि मेण हलकं होऊन उठतं.

युवराजनं चाळीसचा एक बल्ब दिला आणि इन्व्हर्टरसाठी आणलेल्या पाण्याचा कॅनही दिला. न्हाईच जमलं तर मी येतो, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबानं छबुबाईची बाज अंगणात लिंबाखाली काढली. पाठीशी वाकळ लावून तिला बसवलं. समोर पोतं अंथरून त्यावर दिवा, पक्कड, पेचकस, एक घमेलं आणि चहाची गाळणी मांडली. तिनं एकदा बघून मान वळवली. आश्रुबा पोत्यावर मांडी घालून बसला. नुसतं काम सुरू केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं घसा खाकरला.

"हे बघ," तो म्हणाला, "आधी ह्याचं टोपण काढायचं हाय."

त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. समोरून कौशल्याबाई घागर घेऊन चालली होती, ती जाईपर्यंत तो गप्प बसला. मग पुन्हा सुरू झाला. वरचं शोभेचं टोपण निघालं, तर खाली सोड्याच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं बूच होतं. पेचकसाचं टोक घालून त्यानं ते चारी बाजूंनी थोडं थोडं उचललं. "वाकू द्यायचं न्हाई. पुन्हा लावायचंय हेच," त्यानं सांगितलं. बूच सुटलं. गढूळ पाणी त्यानं घमेल्यात ओतलं. तळाचं मेण आणि त्याच्याभोवतीची तारेची कडी जागच्या जागी राहिली, तेही त्यानं सांगितलं. गार पाणी घालून हलकेच फिरवलं, ओतलं, पुन्हा घातलं. गाळणीत मेणाचे बारीक कण राहिले, ते तिच्यासमोर धरून म्हणाला, "एवढं वाया गेलं बघ. माझ्या हिसक्यानं."

छबुबाईनं गाळणीकडं बघितलं. तिची मान आता इकडं वळलेली होती.

डब्यातला जुना होल्डर लहान आट्यांचा होता, युवराजचा बल्ब त्यात बसणारा नव्हता. घरातला साधा होल्डर त्यानं आधीच काढून ठेवला होता. तो जोडताना वायरीचं टोक सोलायला दुसरा हात कमी पडला, तेव्हा त्यानं वायर छबुबाईच्या डाव्या हातात दिली. "धर घट्ट." तिनं धरली. त्यानं सोलली. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही, इतकं ते सहज झालं. पुढची वायर तिनं स्वतःच हात पुढं करून घेतली.

बाटलीत पाणी भरून, साबणाचा थेंब टाकून, बूच नुसतं वर टेकवून त्यानं दिवा बाजेपाशीच ठेवला आणि वायर ओढून दारातल्या बोर्डाला लावली. दुपार व्हायला आली होती. नशिबानं लाइट टिकून होती. आता मेण वितळेपर्यंत बसून राहायचं होतं.

आजवर अशा वेळी तो उठून शेळ्यांकडं गेला असता. तो बाजेला टेकून बसला. मेणाच्या कडा ओलसर चकाकायला लागल्या. मग त्याचं त्यालाच कळलं नाही की तो कुठून सुरू झाला. युवराजची पिल्लं कशी बल्बाखाली एकावर एक चढून बसतात ते त्यानं सांगितलं. अजिनाथच्या विहिरीला यंदा लवकर पाणी चढलंय, ते सांगितलं. मग जुनं काहीतरी निघालं.

"कर्नाटकात गेलतो आपण त्या साली," तो म्हणाला, "तिथं बाजारात एक लुगडं बघितलं होतं मी. हिरवं, तांबड्या काठाचं. तुझ्यासाठी. दुकानासमोर उभा राहिलो, लई वेळ. आन तसाच माघारी आलो."

छबुबाई त्याच्याकडं बघत होती.

"कावून?" ती म्हणाली.

आश्रुबा पुढं बोलणार तोच थांबला. दोन वर्षांत तो शब्द त्यानं हजारदा ऐकला होता, पण आज तो जिथं यायला पाहिजे नेमका तिथं आला होता. तिला पाणी नको होतं, उशी नको होती. ती विचारत होती, का?

"दुकानदाराला विचारायचं कसं, ते कळंना," आश्रुबा म्हणाला. "भाषा त्याची येगळी. आपल्या भाषेतबी मला कुठं येतं. तू संगं असतीस तर घेतलं असतं. पर तुझ्यासाठीच घ्यायचं, तर तुला संगं कसं न्यायचं?"

छबुबाईच्या घशातून आवाज आला. आश्रुबाला आधी वाटलं ठसका लागला, म्हणून तो तांब्या घ्यायला उठला. ती हसत होती. वाकडं झालेलं तोंड एका बाजूनंच हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तो पुन्हा खाली बसला. हसणं ओसरल्यावर तिनं डाव्या हातानं त्याचं पागोटं जरा सरळ केलं.

मेण पूर्ण वितळलं होतं, पण तळाशी चपटं पसरून राहिलं होतं. आता मिठाची पाळी. आश्रुबानं वाटीत पाणी घेतलं आणि मिठाचा डबा छबुबाईपुढं धरला, कारण मीठ कितीही मोजून घातलं तरी त्याची भाजी आजवर खारट नाहीतर अळणीच झाली होती. तिनं डाव्या मुठीनं मीठ घातलं, त्यानं ढवळलं. एक चमचा बाटलीत सोडला. वाट बघितली. दुसरा सोडला. काहीच नाही. तिसरा, चौथा. त्याचा धीर सुटायला लागला. त्यानं वाटीच उचलली, सगळं ओतून टाकावं म्हणून, तेव्हा छबुबाईनं त्याचं मनगट धरलं.

तिची नजर बाटलीच्या तळाशी होती. त्यानं वाकून बघितलं, त्याला काही दिसलं नाही. ती मनगट सोडेना. तो तसाच वाकून बघत राहिला, तेव्हा त्याला दिसलं की मेणाची एक कड तळापासून सुटली आहे, केसाएवढी. इतके महिने रोज बघत आलेल्या छबुबाईला ते त्याच्या कितीतरी आधी दिसलं होतं. कड वर उचलली, तिला फुगवटा आला, फुगवटा लांब झाला आणि सगळंच्या सगळं मेण एक मोठा गोळा होऊन डुलत वर गेलं. गोळा वर टेकला, थांबला आणि सावकाश खाली यायला लागला. तो तळाला येईपर्यंत आश्रुबानं हातातली वाटी खाली ठेवली नव्हती.

दिवा गार झाल्यावर त्यानं बूच दाबून बसवलं आणि वरून नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. पहिल्यासारखा मात्र तो झाला नाही. पाण्यात थोडा धुरकटपणा राहिला तो राहिलाच. आणि पूर्वी पाच-सहा लहान गोळे वेगवेगळे फिरायचे, ते आता होत नव्हतं. एकच मोठा गोळा जायचा आणि यायचा, कधीमधी त्याचे दोन व्हायचे. युवराज येऊन बघून गेला आणि म्हणाला, अजून थोडं साबणपाणी घालून बघू. आश्रुबा म्हणाला, राहू दे, दिसतंय की तिला.

संध्याकाळी दिवा लावून पारावर जायची सवय हळूहळू मोडली. मोडायची असं त्यानं ठरवलं नव्हतं. चूल पेटवताना तो दिवसभरात काय झालं ते सांगायचा आणि सांगता सांगता भाकरी करपायची. बोलणं त्याला अजूनही नीट जमत नव्हतं. शेवट आधी सांगून जायचा, माणसांची नावं विसरायचा. छबुबाईला ते सहन व्हायचं नाही, ती कपाळावर हात मारून घ्यायची, कावून कावून करत हातवारे करायची, आणि मग त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागायचं. तिच्या एका शब्दातले सूर त्याला ओळखू यायला लागले होते. पाण्याचा वेगळा, कंटाळ्याचा वेगळा, खोटं बोलू नको म्हणायचा तर अगदीच वेगळा. सगळे ओळखू येत होते असंही नाही. काही संध्याकाळी ती काहीतरी सांगायला धडपडायची, त्याला ते कळायचं नाही, आणि शेवटी दोघंही दमायची. पण तो उठून जात नव्हता.

दिवाळीला रोहिणी आली ती नवा दिवा घेऊनच. जुना चालू बघून ती चकित झाली. रात्री जेवताना अण्णा तिला कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या सोयरिकीचं, कोंबड्यांच्या रोगाचं सांगत होते आणि माय अधूनमधून त्यांना थांबवून दुरुस्त करत होती. रोहिणीनं हातातला घास तसाच धरून दोघांकडं बघितलं. जाताना तिनं नवा दिवा कौशल्याबाईच्या घरी दिला.

दिवाळी झाली आणि टोळ्या निघाल्या. गावच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहिल्या. त्यांच्यात भांडी, पत्रे, लाकडं, कोंबड्या, लेकरं भरली गेली. गेल्या वर्षी या दिवशी आश्रुबा दार लावून घरात बसला होता. यंदा त्यानं कौशल्याबाईच्या घरातून दोन माणसं बोलावली आणि छबुबाईला बाजेसकट उचलून रस्त्याच्या कडेला नेलं.

टोळीतल्या बाया खाली उतरल्या. सुनिता धावत आली आणि बाजेवर बसून छबुबाईच्या गळ्यात पडली. सगळ्या एकदम बोलत होत्या. छबुबाई त्यांचे हात धरून कावून, कावून म्हणत होती, आणि तिला काय म्हणायचंय ते कुणालाच कळत नव्हतं. बायांनी आश्रुबाकडं बघितलं.

"ती म्हणती, सुनिताच्या पोरीचं पुढं काय झालं," आश्रुबानं सांगितलं. "स्थळ आलं होतं बघ. पोरगा बरा हाय, पर त्याची आई, असं काहीतरी म्हणत होती ही तवा. तेवढ्यात आजारी पडली."

छबुबाईनं जोरानं मान हलवली. सुनिता आधी रडली, मग सांगायला लागली. पोरीचं लग्न तिथंच झालं होतं आणि सासू खरंच तिखट निघाली होती. आश्रुबानं पोरीचं गाव विचारलं, जावयाचं काम विचारलं. मग छबुबाईला रोज काय खायला देतो, हात चोळायला कुठलं तेल वापरतो, ती आता भिंतीला धरून किती चालते, हे एकेकीला सांगत सुटला. मागं ट्रॉलीत बसलेली माणसं वाकून ऐकायला लागली. त्यातल्या काहींनी आश्रुबाबरोबर पंधरा-वीस साल ऊस तोडला होता.

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. आश्रुबा म्हणाला, थांब रे जरासाक, आणि दिव्याचं सांगायला सुरुवात केली. युवराजची पिल्लं, बल्ब, मिठाचं पाणी. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा कुठं बाया उठल्या.

ट्रॉल्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर रस्ता एकदम रिकामा झाला. छबुबाईनं पदरानं तोंड पुसलं. माणसं बाज उचलायला पुढं आली, तर तिनं हातानं त्यांना थांबवलं. तिला चालत जायचं होतं. आश्रुबानं तिचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि कमरेत हात घातला. दोघं हळूहळू घराकडं निघाली. बाज घेतलेली माणसं त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीनं येत राहिली.